तिसरा आकडा : उच्च रक्तदाबाच्या रुग्णांतील विश्रांतीकालीन नाडीगती आणि मृत्यूचा धोका

सारांश

रक्तदाब मोजण्याचे स्वयंचलित यंत्र वरचा दाब, खालचा दाब आणि नाडीचे ठोके असे तीन आकडे दाखवते. यांपैकी पहिले दोन लिहून घेतले जातात व तिसरा बहुधा सोडून दिला जातो. उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तींमध्ये विश्रांतीच्या अवस्थेतील नाडी जितकी जलद, तितका मृत्यूचा धोका अधिक, असे गेल्या काही दशकांतील दीर्घकालीन अभ्यासांतून दिसून आले आहे. मात्र औषधाने केवळ नाडी मंद केली म्हणजे धोका टळतो, असे सिद्ध झालेले नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचे विवेचन केले असून नाडीची नोंद का व कशी करावी याचा विचार मांडला आहे.

बीजशब्द : उच्च रक्तदाब, विश्रांतीकालीन नाडीगती, हृदयविकार, धोक्याचा निदर्शक, आरोग्य तपासणी शिबिर.

१. प्रस्तावना

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती मानली जाते. लाल महाल, कसबा गणपती, तांबट आळी, बुरूड आळी अशा खुणा बाळगणारी ही पेठ आजही दाट वस्तीची आहे. जुन्या वाड्यांचे अरुंद जिने, तळमजल्यावरची दुकाने व कारखाने आणि त्यांच्यावर राहणारी कुटुंबे असे तिचे स्वरूप आहे. पुण्याच्या पेठांमध्ये गणेशोत्सवाच्या किंवा एखाद्या जयंतीच्या निमित्ताने मंडळांच्या वतीने आरोग्य तपासणी शिबिरे भरतात. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थीही अशा शिबिरांत काम करतात.

या शिबिरांतील रक्तदाब तपासणीचे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. रांगेतील व्यक्ती खुर्चीवर बसते, तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला जातो, यंत्राची कळ दाबली जाते आणि पडद्यावर आकडे उमटतात. समजा, एखाद्या पन्नाशीच्या गृहस्थांचे आकडे १४६, ९२ आणि ८८ असे आले. चिठ्ठीवर ‘१४६/९२’ असे लिहिले जाते, मीठ कमी करण्याचा व डॉक्टरांना दाखवण्याचा सल्ला दिला जातो आणि रांग पुढे सरकते. ८८ हा आकडा यंत्र बंद होताच नाहीसा होतो.

१४६/९२ एवढाच रक्तदाब असलेल्या, पण नाडीचे ठोके ६४ असलेल्या दुसऱ्या गृहस्थांच्या चिठ्ठीवरही तेच लिहिले जाईल. कागदावर या दोघांची प्रकृती सारखीच दिसेल. प्रत्यक्षात ती तशी असते का, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

भारतात हा प्रश्न थोड्या लोकांपुरता मर्यादित नाही. २०१९–२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ वर्षांवरील २१.३ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. म्हणजे ढोबळमानाने दर चार-पाच प्रौढांमागे एका व्यक्तीचा या विषयाशी थेट संबंध येतो.

२. नाडीकडून रक्तदाबाकडे

नाडी पाहून प्रकृतीचा अंदाज घेण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. मध्ययुगातील शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे. वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, तर कफाची हंसासारखी चालते, अशा उपमा तेथे योजलेल्या आहेत. वैद्याने मनगटावर तीन बोटे ठेवणे ही रोगपरीक्षेची खूणच बनली. पाश्चात्त्य वैद्यकातही घड्याळ हाती धरून ठोके मोजणे हे डॉक्टरचे पहिले काम असे.

१८९६मध्ये इटलीतील रिवा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन तयार केले. १९०५मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही दाब मोजण्याची रीत सांगितली. रक्तदाब आकड्यांत मांडता येऊ लागला आणि त्याचा पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाच्या विकारांशी असलेला संबंध पुढे स्पष्ट होत गेला. या प्रगतीत नाडीचे महत्त्व आपोआप मागे पडले.

तरीही तिची आठवण करून देणारे पुरावे अधूनमधून येत राहिले. अमेरिकी सैन्यातील सुमारे २२ हजार अधिकाऱ्यांच्या नोंदी तपासून लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. तपासणीच्या वेळी तात्पुरती जलद झालेली नाडी हीदेखील पुढील काळातील कायमच्या उच्च रक्तदाबाची पूर्वसूचना असू शकते, असे त्यांना आढळले. नाडी आणि दाब दोन्ही तात्पुरते वाढलेले असणाऱ्यांमध्ये ही शक्यता अधिक होती.

३. दीर्घकालीन अभ्यासांचे निष्कर्ष

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावातून मिळाला. १९४८मध्ये तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून अभ्यासाला प्रारंभ झाला. शहरातील एखाद्या पेठेच्या लोकसंख्येपेक्षाही लहान असा हा समूह होता, परंतु वर्षानुवर्षे त्याच माणसांची पुन्हा पुन्हा तपासणी केल्यामुळे त्याचे मोल वाढले.

गिलमन व सहकाऱ्यांनी १९९३मध्ये या अभ्यासातील ४,५३० उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींची माहिती तपासली. त्यांचे वय ३५ ते ७४ वर्षे होते, त्यांच्यावर रक्तदाबाचे औषधोपचार झालेले नव्हते आणि पाठपुरावा ३६ वर्षांचा होता. वय व वरचा रक्तदाब यांचा परिणाम वेगळा काढल्यानंतरही, मिनिटाला ४० ठोक्यांचा फरक असलेल्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याची शक्यता पुरुषांत २.१८ पट व स्त्रियांत २.१४ पट आढळली. दर १० ठोक्यांच्या हिशेबात हा फरक साधारण २० टक्क्यांच्या आसपास येतो. याचा अर्थ असा की, रक्तदाब सारखाच असला तरी ६४ ठोके आणि ८८ ठोके असलेल्या दोन गटांचे भवितव्य सारखे नसते.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. औषधोपचार सुरू केल्यावर हा फरक नाहीसा होत असेल का? या प्रश्नाचे उत्तर ‘लाइफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीच्या माहितीवरून मिळाले. उच्च रक्तदाबामुळे हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेल्या रुग्णांना या चाचणीत लोसार्टन किंवा ॲटेनोलॉल देण्यात आले होते. त्यांपैकी ९,१९० रुग्णांच्या उपचारकाळातील नाडीगतीचे विश्लेषण ओकिन व सहकाऱ्यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केले. उपचार चालू असताना नाडी १० ठोक्यांनी अधिक असल्यास हृदयविकारजन्य मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी व एकूण मृत्यूचा धोका २५ टक्क्यांनी जास्त आढळला. ज्यांची नाडी सातत्याने ८४ किंवा त्याहून अधिक राहिली, त्यांच्यात एकूण मृत्यूचा धोका जवळजवळ दुप्पट होता.

अशा पुराव्यांच्या आधारे युरोपातील हृदयरोग व उच्च रक्तदाब या विषयांच्या संस्थांनी २०१८च्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांत विश्रांतीकालीन नाडी ८०पेक्षा अधिक असणे या बाबीचा समावेश धोक्याच्या घटकांत केला. धूम्रपान, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांच्या यादीत नाडीलाही स्थान मिळाले.

४. भारतीय संदर्भ

रक्तदाब व मृत्यू यांचा संबंध आपल्या जवळच्या समाजातही तपासला गेला आहे. १९९१ ते १९९७ या काळात मुंबईतील ३५ वर्षांवरील सुमारे १ लाख ४८ हजार व्यक्तींची नोंद करून मुंबई कोहोर्ट अभ्यास करण्यात आला. त्यातील माहितीवरून पेडणेकर व सहकाऱ्यांनी २००९मध्ये वाढता रक्तदाब व हृदयवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू यांचा संबंध दाखवून दिला.

नाडीविषयीची भारतीय माहिती अलीकडच्या काळात पुढे आली. ‘इंडिया हार्ट स्टडी’ या देशव्यापी अभ्यासात रक्तदाबाचे औषध न घेणाऱ्या १८,९१८ व्यक्तींचा समावेश होता. त्यांच्या विश्रांतीकालीन नाडीची सरासरी ८०च्या आसपास आढळली. १८ ते ५५ वर्षे वयाच्या साडेतीन हजारांहून अधिक भारतीय उच्च रक्तदाब रुग्णांच्या ‘बीट’ सर्वेक्षणात ही सरासरी सुमारे ८३ होती. युरोपीय तज्ज्ञ ज्या ८० ठोक्यांना धोक्याची पायरी मानतात, त्या पायरीवर किंवा तिच्या वर आपल्याकडील सरासरी रुग्ण उभा आहे, असा याचा अर्थ होतो. प्रारंभीच्या उदाहरणातील ८८ ठोके त्यामुळे आपल्याकडे विशेष वाटत नाहीत. परंतु सर्वत्र आढळणारी गोष्ट निरुपद्रवी असतेच असे नाही.

५. जलद नाडी घातक का ठरते?

पहिले कारण चेतासंस्थेशी निगडित आहे. हृदयाची गती वाढवण्याचे काम अनुकंपी चेतासंस्था करते आणि ती कमी करण्याचे काम परानुकंपी चेतासंस्था करते. धावपळीच्या वा भीतीच्या प्रसंगी पहिली जागी होणे योग्यच असते. परंतु स्वस्थ बसलेल्या माणसाचीही नाडी सतत जलद राहत असेल, तर शरीर विश्रांतीतही सावध पवित्र्यातच आहे, असे समजावे लागते. या स्थितीत रक्तवाहिन्या आकुंचित राहतात, मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाब वाढतो. म्हणजे जलद नाडी व उच्च रक्तदाब या एकाच मुळाच्या दोन फांद्या असू शकतात.

दुसरे कारण यांत्रिक आहे. मिनिटाला ६० ऐवजी ९० ठोके पडत असतील, तर दिवसाला ४३,२०० आणि वर्षाला दीड कोटीहून अधिक ठोके जास्तीचे पडतात. प्रत्येक ठोक्यासरशी रोहिणीची भिंत ताणली जाते व पूर्ववत होते. रक्तदाब आधीच अधिक असेल, तर प्रत्येक ताण मोठा असतो. तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडी किती जोराने पडते याबरोबरच ती किती वेळा पडते यावरही पत्र्याचा आकार ठरतो. रक्तदाब हा घावाचा जोर मानला, तर नाडी ही घावांची संख्या आहे. तांबटाचे घाव भांडे घडवतात, रोहिणीवरचे घाव मात्र तिची लवचीकता कमी करतात.

तिसरे कारण हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्याचे आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मुख्यतः तो शिथिल असताना मिळते. गती वाढते तेव्हा आकुंचनाचा काळ थोडाच कमी होतो, पण शिथिलतेचा काळ फार आखूड होतो. गती ६० असताना हा काळ सुमारे दोन तृतीयांश सेकंदाचा असतो, तर ९० ठोक्यांना तो त्यापेक्षा सुमारे पाव सेकंदाने घटतो. काम वाढते आणि पुरवठ्याचा अवधी घटतो, अशी ही दुहेरी कोंडी आहे. उच्च रक्तदाबाने स्नायू जाड झालेला असल्यास ती अधिकच जाणवते.

६. निदर्शक आणि कारण यांतील भेद

वरील विवेचनावरून एक सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. जलद नाडीने धोका वाढतो, तर औषधाने ती मंद करावी, म्हणजे धोका कमी होईल. प्रत्यक्ष चाचण्यांनी मात्र या तर्काला दुजोरा दिला नाही. संशोधनपद्धतीच्या दृष्टीने हा भाग कोणत्याही विद्याशाखेच्या अभ्यासकाला उपयुक्त आहे.

बीटा-ब्लॉकर गटातील औषधे नाडी मंद करतात. बंगलोर या आडनावाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००८मध्ये उच्च रक्तदाबावरील नऊ चाचण्यांची एकत्रित तपासणी केली. या चाचण्यांत ३४,०९६ रुग्णांना बीटा-ब्लॉकर दिलेले होते. नाडी जितकी अधिक मंद झाली, तितका मृत्यूचा व हृदयविकाराचा धोका कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. सहसंबंधाच्या अगदी उलट असे हे फळ होते.

याचे एक संभाव्य स्पष्टीकरण २००६च्या ‘कॅफे’ अभ्यासात सापडते. ॲटेनोलॉलवर आधारित व ॲम्लोडिपिनवर आधारित अशा दोन उपचारांत दंडावरील रक्तदाब जवळजवळ सारखाच होता, पण हृदयालगतच्या महारोहिणीतील वरचा दाब ॲटेनोलॉलच्या गटात सरासरी ४.३ मिलिमीटरने अधिक होता. हृदयाने ढकललेली रक्ताची लाट दूरच्या रक्तवाहिन्यांवर आदळून परत येते. गती औषधाने मंद केली की आकुंचन लांबते आणि परतणारी लाट आकुंचन चालू असतानाच हृदयापाशी पोहोचते. त्यामुळे दंडावर न दिसणारा दाब हृदयावर पडतो.

इव्हाब्राडिन हे औषध तर केवळ नाडीची गती कमी करते. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिग्निफाय’ चाचणीत हृदयधमन्यांचा स्थिर विकार असलेल्या, पण हृदय निकामी होत नसलेल्या १९,१०२ रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला. नाडी मंद झाली, परंतु हृदयविकारजन्य मृत्यू किंवा हृदयाचा झटका यांचे प्रमाण घटले नाही. याउलट हृदय निकामी होऊ लागलेल्या निवडक रुग्णांमध्ये याच औषधाचा लाभ २०१०च्या ‘शिफ्ट’ चाचणीत दिसला होता. एकच उपाय सर्वांना लागू पडत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

धूर पाहून आग ओळखता येते, पण धूर पांगवल्याने आग विझत नाही. विश्रांतीकालीन नाडी हा बहुतांशी धोक्याचा निदर्शक आहे. त्यामुळे ती पाहून स्वतःच्या मनाने औषध सुरू करणे जितके अयोग्य, तितकेच डॉक्टरांनी दिलेले बीटा-ब्लॉकर हा मजकूर वाचून बंद करणेही घातक आहे. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या, हृदय निकामी होऊ लागलेल्या किंवा हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांना या औषधांची गरज असते व ती अचानक थांबवल्यास गंभीर त्रास होऊ शकतो.

७. नाडी मोजण्याची योग्य रीत

निदर्शक विश्वसनीय असायचा तर मोजणी नीट हवी. पाश्चात्त्य तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार व्यक्तीला शांत ठिकाणी निदान पाच मिनिटे बसवून नंतर नाडी मोजावी. हाताने मोजताना ३० सेकंदांतील ठोके मोजून त्यांची दुप्पट करावी आणि अशी मोजणी किमान दोनदा करावी. वाड्याचे दोन जिने उतरून, गर्दीतून वाट काढत मांडवात आलेल्या आणि ढोलताशांच्या गजरात लगेच तपासलेल्या व्यक्तीची नाडी ही विश्रांतीकालीन नाडी नव्हे. चहा, तंबाखू, बिडी-सिगारेट किंवा मिश्री यांच्या सेवनानंतर लगेच घेतलेला आकडाही फसवा असतो. डॉक्टर समोर आल्यावर होणारी धडधड वगळण्यासाठी घरी सलग काही दिवस सकाळी व संध्याकाळी घेतलेल्या नोंदी अधिक उपयोगी पडतात.

ठोके अनियमित पडत असतील तर यंत्राचा आकडा चुकू शकतो. अशा वेळी मनगटावर बोटे ठेवून खात्री करावी व हृदयालेख काढून घ्यावा. नाडी फार मंद असून चक्कर किंवा भोवळ येत असल्यास तेही डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

नाडी सातत्याने ८०च्या वर राहत असल्यास तिच्यामागील कारण शोधणे ही पहिली पायरी ठरते. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, ताप, शरीरातील पाणी कमी होणे, मधुमेहामुळे झालेला चेतातंतूंचा बिघाड, सर्दीची व दम्याची काही औषधे ही नेहमीची कारणे आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. स्त्रियांच्या जलद नाडीकडे केवळ ‘ताण’ म्हणून पाहण्यापूर्वी हिमोग्लोबिनची तपासणी करणे म्हणूनच इष्ट ठरते.

कारण सापडले नाही, तर जीवनक्रमातील बदल उरतो. नियमित भरभर चालणे, तंबाखू सोडणे, वजन आटोक्यात ठेवणे व पुरेशी झोप घेणे यांमुळे नाडीची गती हळूहळू उतरते. येथे ती मुळावरील उपायाने उतरते, हा औषधाने मंद करण्यापेक्षा महत्त्वाचा भेद आहे. संथ श्वसनाचाही काही प्रमाणात उपयोग होतो. योगक्रियांच्या शारीरिक परिणामांचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची परंपरा पुण्याजवळच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि ‘योग-मीमांसा’ या नियतकालिकातून असे संशोधन प्रसिद्ध केले.

८. उपसंहार

उच्च रक्तदाबाला वेदना नसते, म्हणून तो आकड्यांतूनच ओळखावा लागतो. २०१७च्या अखेरीस हाती घेण्यात आलेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे प्रारंभीच्या टप्प्यात होते. प्रत्येक भेटीत रक्तदाबाची नोंद करणे व रुग्णाचा पाठपुरावा करणे हाच त्या उपक्रमाचा कणा आहे. याच नोंदीत नाडीचा एक रकाना घातल्यास खर्च वाढत नाही, कारण यंत्र तो आकडा दाखवतच असते.

महाविद्यालयांना याचा प्रारंभ सहज करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतील चिठ्ठीवर दोनऐवजी तीन आकडे असावेत, तपासणीपूर्वी पाच मिनिटे बसण्यासाठी चार खुर्च्या मांडाव्यात आणि ८०पेक्षा अधिक नाडी पुन्हा मोजून मगच नोंदवावी. जिज्ञासू विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राच्या अभ्यासासाठीही ही माहिती उपयोगी पडेल. मात्र जलद नाडीची नोंद म्हणजे रोगनिदान नव्हे, हे त्यांना आधी समजावून द्यावे लागेल.

१४६/९२ असा समान रक्तदाब असलेले ते दोन गृहस्थ एकाच मांडवातून आपापल्या घरी जातात. त्यांतील ८८ ठोके असलेल्याला हिमोग्लोबिन तपासून घेण्याची, तंबाखू सोडण्याची आणि लवकर डॉक्टरांकडे जाण्याची गरज दुसऱ्यापेक्षा अधिक असू शकते. परंतु हे सांगता येण्यासाठी तो आकडा आधी कागदावर उतरलेला असावा लागतो.